करणाऱ्याचं नाव सांगणारी डबी

डबी घरात आली त्या सकाळी आई म्हणाली, "दूध उतू गेलं." ओट्यावर ठेवलेल्या डबीचा हिरवा दिवा लागला आणि तिच्या छोट्या पडद्यावर एकच अक्षर उमटलं: मी.

आईला वाटलं, डबी बिचारी स्वतःवर घेतेय. तिला डबीची दया आली. मग मी समजावलं की डबी बोलणाऱ्याच्या वतीने बोलते, तेव्हा हा 'मी' म्हणजे तू. आईनं तेच वाक्य निरनिराळ्या सुरांत म्हणून पाहिलं, एकदा तर गाऊन. डबी हलली नाही. तेवढ्यात बाबा म्हणाले, गाडीच्या दाराला कुठेतरी ओरखडा पडलाय. डबीनं पुन्हा 'मी' दाखवलं. त्या क्षणी आईचा डबीवर जीव जडला.

मी शौर्य गुरसाळे. दहावीच्या मुलांना इंग्रजी व्याकरण शिकवतो आणि त्यातही माझी खासियत म्हणजे व्हॉइस, ॲक्टिव्हचं पॅसिव्ह. 'द कॅट किल्ड द रॅट' मधला उंदीर उचलून पुढे आणायचा, क्रियापदाचं तिसरं रूप लावायचं आणि मांजराला 'बाय' लावून शेवटी नेऊन बसवायचं. माझी पोरं यात इतकी तयार की झोपेतसुद्धा मांजर मागे नेऊन ठेवतील. त्यानंतर मी त्यांना धड्यातलं खरं मर्म सांगायचो. हा 'बाय'वाला तुकडा गाळला तरी वाक्य उभं राहतं. करणारा माहीत नसेल तर गाळा, महत्त्वाचा नसेल तर गाळा, सगळ्यांना ठाऊकच असेल तर गाळा. पुस्तकात एवढीच कारणं होती. आमच्या गावात आणखी एक होतं. करणारा व्यासपीठावर बसला असेल तर गाळा.

आणि आता हा गाळलेला तुकडा परत काढून देणारं यंत्र निघालं होतं. व्हॉइसच्या मास्तराच्या आयुष्यात अशी बातमी एकदाच येते. मी पहिल्याच खेपेला मराठी डबी मागवली आणि ती येईपर्यंत कुरिअरवाल्याशी रोज बोलत होतो. बनवणाऱ्या कंपनीनं इंग्रजीतल्या त्या 'बाय'वरून स्वतःचं नाव 'बाय-को' ठेवलं होतं. महाराष्ट्रात ते आठवडाभर टिकलं.

शास्त्र असं होतं. आपण "काच फुटली" म्हणतो, तेव्हा मेंदू आधी "पार्थनं काच फोडली" असंच वाक्य जुळवत असतो. कारण घटना डोक्यात तशीच साठवलेली असते, करणारा आधी, केलेलं नंतर. मग मेंदू परिस्थिती बघतो, पार्थचे वडील समोर बसलेत हे त्याच्या लक्षात येतं आणि तो पार्थला गाळतो. पण तोवर 'पार्थ' म्हणायचा हुकूम स्वरयंत्राच्या बारीक स्नायूंकडे निघालेला असतो. हुकूम वाटेत रद्द होतो, स्नायू मात्र जरासे थरथरून घेतात. ही थरथर केसाच्या जाडीहूनही कमी. कानाला ऐकू येत नाही, डोळ्याला दिसत नाही. डबीतून निघणाऱ्या रडारच्या लहरी गळ्याच्या कातडीवर आपटून परत येतात आणि तेवढी थरथर मोजतात. प्रत्येक नावाची थरथर वेगळी. बाकीचं काम हिशेबाचं.

पहिली डबी फक्त इंग्रजी जाणत होती. मग मराठी आली. मराठीत 'करण्यात आलं', 'फुटलं', 'हरवलं', 'राहून गेलं' अशी गाळणीची इतकी सोय आहे की ती शिकवताना कंपनीचे दोन संगणक तापले म्हणे. करणाऱ्याचं नाव घेऊन बोललात तर डबी गप्प. तिला फक्त लपवलेला माणूस दिसायचा.

आमच्या गावाला डबीनं वेड लावलं. वाचनालयाच्या वार्षिक समारंभात निवेदक म्हणाला, "यानंतर मान्यवरांचा सत्कार करण्यात येत आहे," आणि माइकशेजारी ठेवलेल्या डबीवर त्याच मान्यवरांची नावं ओळीनं आली. शाली त्यांनीच आणून दिल्या होत्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून, कारण प्रथमच सत्कार कोण करतंय हे कळलं होतं. शेजारच्या तालुक्यात एका पुढाऱ्यानं "चौकशी करण्यात येईल" म्हटलं आणि पडदा कोरा राहिला. दिवा लागला, पण नाव नाही. त्याच्या मनात कुणीच नव्हतं. घराघरांत भांडणं सुरू झाली आणि पटकन मिटूही लागली, कारण भांडण चालतं ते मुख्यतः 'कुणी' या एका शब्दावर, आणि तो शब्द आता डबीच बोलून टाकायची. चहाच्या टपरीवर लोक डबीपुढे रांग लावून जुनी वाक्यं म्हणून बघायचे. मी तर वर्गात नाचायचा बाकी होतो. ज्या धड्यावर पोरं जांभया द्यायची, त्यासाठी आता पालक खिडकीत उभे राहत.

मग नियम आला. कुठलंही सरकारी निवेदन डबीसमोर वाचायचं आणि डबीनं दिलेलं नावही त्यासोबतच वाचायचं. आमच्या नगरपालिकेत निवेदनं वाचायची ओवी पतंगे, जनसंपर्क अधिकारी. तिचं 'करण्यात येत आहे' ऐकण्यासारखं होतं. इतकं निर्मळ की पाणी कुणी बंद केलंय असं वाटतच नसे, पानगळीसारखं ते आपोआप होतंय असं वाटे. नियम लागू झाला त्या दिवशी तिनं लाउडस्पीकरवर वाचलं, "शहराचा पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येत आहे." डबी म्हणाली: खोतसाहेब. ओवीनं तेही वाचलं, त्याच निर्मळ आवाजात. लोक थेट पाणीपुरवठ्याच्या खोतसाहेबांकडे गेले. व्हॉल्व्हची चावी त्यांच्या खिशात होती आणि ते मेहुण्याच्या वास्तुशांतीला बसले होते. दुपारपर्यंत पाणी आलं.

यानंतर नगरपालिकेतलं कुणीच काही बोलेना. निवेदनं थांबली. कर्मचारी एकमेकांशी खुणांनी बोलू लागले. शेवटी मुख्याधिकाऱ्यांनी ठरवलं की सगळ्यांना थेट बोलायला शिकवावं, आणि त्यासाठी गावात माझ्याशिवाय माणूस नव्हता. मला बोलावणं आलं. मी खूश झालो आणि मग लक्षात आलं की पहिल्या बाकावर ओवी असणार.

ओवी मला सांगून आलेलं स्थळ होतं. मागच्या वर्षीची गोष्ट. पोहे झाले, घरं पाहून झाली. नंतर आम्ही दोघं बसस्थानकामागच्या मिसळीच्या गाड्यावर कुणालाही न सांगता भेटलो. ती म्हणाली होती की तुझ्याशी बोलताना मला कामावर असल्यासारखं वाटत नाही. हे मी आयुष्यात ऐकलेलं सगळ्यात सुंदर वाक्य होतं. मग मध्यस्थ पल्लवीमावशींचा निरोप आला की पत्रिका जुळत नाही.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. लग्नं जुळवायला आता ॲप आहेत. होकार ॲपवर येतो. पण नकार पोचवायला अजून पल्लवीमावशीच लागतात, कारण आमच्याकडे कुणी कुणाला नाकारत नाही. पत्रिका नाकारते. निरोपाच्या टोकाला ग्रह असतात, आणि ग्रहांना फोन करता येत नाही. मुलीला करता येतो, पण नकारानंतर फोन करणं म्हणजे 'का गं नको म्हणालीस' असं विचारणं, आणि तेवढं निर्लज्ज आमच्या दोन्ही घरांत कुणी नव्हतं. मी केला नाही. तिचाही आला नाही.

सभागृहात मी भिंतीवर डबीचा पडदा मोठा करून लावला आणि कर्मचाऱ्यांना एकेक जुनं वाक्य म्हणायला सांगितलं. डबी करणारा दाखवेल, मग तोच माणूस पुढे आणून वाक्य नव्यानं म्हणायचं. जन्म-मृत्यू नोंदणीचे बनसोडे भीत भीत म्हणाले, दाखला द्यायचा राहून गेला. भिंतीवर 'मी' आलं. ते उभे राहिले आणि म्हणाले, "मी दाखला दिला नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बनसोड्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना इतकं हलकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं म्हणे.

मग ओवी उभी राहिली. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि लाउडस्पीकरवरच्या आवाजात म्हणाली, "स्थळ नाकारण्यात आलं."

भिंतीवर हातभर अक्षरांत आलं: शौर्य.

आस्थापना, लेखा, आरोग्य, सगळे विभाग माझ्याकडे वळले. मी म्हणालो की डबी बिघडली असावी. ओवी म्हणाली, "मग तू म्हण."

मी तेच वाक्य म्हटलं. भिंतीवर आलं: ओवी.

मग बनसोडे, ज्यांना आता थेट बोलण्याची चटक लागली होती, म्हणाले की दोघांपैकी एकाच्या मनात तरी चूक आहे. ओवी भिंतीकडे बघत होती. तिचा आवाज प्रथमच निवेदनाचा राहिला नव्हता.

"आज संध्याकाळी बारामतीच्या स्थळाला होकार कळवण्यात येणार आहे," ती म्हणाली.

भिंतीवर आलं: बाबा.

तिनं ते वाचलं. हा होकार नक्की कुणाचा हे तिलाही आत्ताच कळत असावं असं मला वाटलं. मग तिनं डबी टेबलावरून उचलली आणि मला विचारलं, गाडी आहे का. माझी गाडी बाबांनी आणखी एका ओरखड्यासाठी नेली होती. मुख्याधिकारी म्हणाले, प्रशिक्षण अर्धवट सोडता येणार नाही. कर्मचारी म्हणाले, हेच प्रशिक्षण आहे आणि आम्हीही येणार. एवढी माणसं बसतील असं नगरपालिकेचं एकच वाहन मोकळं होतं, आणि तो अग्निशमनाचा बंब होता.

तर आम्ही बंबावरून निघालो, नकाराचा निरोप आणणाऱ्या पल्लवीमावशींकडे. ओवी पुढे, ड्रायव्हरशेजारी, मांडीवर डबी घेऊन. मी तिच्या शेजारी दाराला चिकटून. मागे शिडीवर लेखा विभाग. लोक रस्ता देत होते आणि कुठे लागलीय म्हणून विचारत होते. बनसोडे सगळ्यांना खरं सांगत होते. माझ्या छातीत जे चाललं होतं ते रडारशिवायही मोजता आलं असतं. तिनं नाकारलं नव्हतं. निदान तिच्या गळ्यात तरी तसं काही नव्हतं. हे एवढंच मला पुरेसं होतं, आणि बारामतीचा फोन सहा वाजता होता.

पल्लवीमावशी गच्चीत पापड वाळत घालत होत्या. बंब दारात पाहून त्यांनी आधी पापड उचलले. त्यांना तो निरोप डबीसमोर पुन्हा म्हणायला सांगितलं. त्या म्हणाल्या, डबीसमोर असलं काही बोलायचं नाही असं धंद्यातल्या सगळ्यांनी ठरवलंय. ओवी म्हणाली, मावशी, सहाला बारामतीचा फोन येणार आहे. मावशींनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "पत्रिका जुळत नाही असं सांगण्यात आलं." डबीवर आलं: पतंगे.

मी पुन्हा खचलो, कारण ओवीही पतंगेच. तिनं माझा चेहरा बघितला आणि म्हणाली, "आमच्या घरात पतंगे तिघं आहेत. मी त्यांतली एक. बस गाडीत."

तिच्या वडिलांचं, अभिजितकाकांचं, चौकात चष्म्यांचं दुकान आहे. बंब थांबला तसे ते महागाच्या फ्रेम्सचा ट्रे घेऊन बाहेर धावत आले. आग नाही हे कळल्यावर ते घाम पुसत पायरीवरच बसले. लेकीनं डबी त्यांच्यापुढे धरली तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं लोक नंबर वाढल्यावर आरशात पाहतात. म्हणाले, "सर, तुमच्या स्थळाकडून नको म्हणण्यात आलं. आम्ही काही मनात ठेवलं नाही." डबीवर आलं: स्नेहलवहिनी.

स्नेहलवहिनी म्हणजे माझी आई.

अभिजितकाका म्हणाले, मी पण येतो. ट्रे घेऊनच ते बंबात चढले.

घरी पोचलो तेव्हा आई अंगणात उभी होती. बंब येतोय हे गल्लीनं तिला आधीच कळवलं होतं. तिनं एकेकाला उतरताना पाहिलं. ओवी दिसल्यावर ती हातातला नॅपकिन झटकायला लागली, जो झटकण्यासारखा नव्हता. मी काही विचारायच्या आत तिनंच सुरुवात केली की मला काय विचारता, तिकडून नकार आला, मी रडले त्या दिवशी. डबी तिच्या हातभर अंतरावर होती. दिवा लागला. पतंगे.

आता सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रत्येकाच्या गळ्यात नाव होतं आणि प्रत्येक नाव समोर उभं राहून आपण नाही म्हणत होतं. लेखा विभागानं हिशेब जुळत नसल्याचं सांगितलं. मला तेव्हा डबीची मर्यादा कळली, आणि ती पहिल्या दिवसापासून माहितीपत्रकात छापलेली होती. डबीला जग दिसत नाही. तिला बोलणाऱ्याचा गळा दिसतो. माणसानं वर्षभर चुकीचं नाव गिळून ठेवलं असेल, तर ती तेच इमानदारीनं वर काढते.

ओवीनं डबी बंद केली. तुळशीच्या कट्ट्यावर ठेवली आणि आईसमोर जाऊन उभी राहिली.

"काकू, कुणी काय केलं ते राहू दे. त्या आठवड्यात तुम्ही काय केलंत ते सांगा."

आई म्हणाली, "मी कुठे काय केलं? पल्लवीला फोन केला. म्हटलं, मुलीची पत्रिका पाठव."

अभिजितकाकांनी ट्रे खाली ठेवला. "तेच ते," ते म्हणाले. "मुलगी पाहून झाल्यावर पत्रिका मागितलीत."

बाहेरच्या माणसाला यात काही वावगं वाटणार नाही. पण आमच्याकडे पत्रिका मागायची ती मुलगी पाहण्याआधी. पोहे खाऊन, घर बघून, निघताना हसून, आणि मग आठवड्यानं पत्रिका मागितली तर त्याचा अर्थ एकच. मुलाकडचे बाहेर पडायची वाट शोधतायत. अभिजितकाका समजूतदार. त्यांनी वाट शोधायचे कष्ट दिले नाहीत. पल्लवीमावशींना म्हणाले, राहू दे, जुळत नसेल. मावशींनी 'नसेल'चं 'नाही' केलं आणि आमच्याकडे पोचवलं. पत्रिका कुणी उघडलीच नव्हती. ती काकांच्या दुकानात, लेन्सच्या खणात, अजून तशीच होती.

"पण वहिनी, मग मागितलीत कशाला?" काकांनी विचारलं.

आई एकदम लहान झाल्यासारखी दिसली. "मुहूर्त काढायला," ती म्हणाली. "मला वाटलं, होकार तर झालाच आहे. हे दोघं मिसळ खायला जातात हे मला माहीत होतं. म्हटलं, एप्रिलची तारीख हातची जायला नको."

शिडीवरून उतरलेली आरोग्य विभागाची एक बाई रडत होती. मी हसायला लागलो आणि मला थांबता येईना. वर्षभर मी रात्री उशीत तोंड खुपसून जो नकार चावत होतो, तो कुणी दिलेलाच नव्हता. इतक्या चांगल्या माणसांनी एकमेकांना इतकं जपलं होतं की आमचं लग्न कुणाचाही हात न लागता मोडलं होतं.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. बारामती. सहाला अजून थोडा वेळ होता, पण तिकडे घाई असावी. काका फोनकडे बघत राहिले. मग त्यांनी घसा खाकरला, आणि त्या आवाजावरूनच मला कळलं की आता पुन्हा ग्रह येणार. ओवीलाही कळलं. तिनं त्यांच्या हातातून फोन घेतला.

"नमस्कार, मी ओवी बोलतेय. मी नाही म्हणतेय. पत्रिका छानच असेल तुमच्या मुलाची, आम्ही पाहिलेली नाही. नाही, बाबांनी नाही. मी." ती पलीकडचं ऐकत राहिली. मग म्हणाली, थँक्यू, तुम्हालाही. फोन ठेवून तिनं सांगितलं की पलीकडे मुलगाच होता, आणि असं सरळ कुणी सांगितलं तर किती बरं वाटतं, असं म्हणाला.

मग तिनं माझ्याकडे पाहिलं. नगरपालिकेनंही पाहिलं. मला वाटलं होतं की या क्षणी माझ्या तोंडून काहीतरी मोठं निघेल. मी वर्षानुवर्षं मुलांना करणारा मागे न्यायला शिकवलं होतं आणि ती सवय जिभेवर बसली होती. 'लग्न करण्यात यावं' असं काहीतरी ओठांपर्यंत आलंसुद्धा. मी ते गिळलं.

"ओवी, मला तुझ्याशी लग्न करायचंय," मी म्हणालो. "तुला करायचंय का, हे मी विचारतोय. आई नाही, काका नाही, मावशी नाही."

"एक वर्ष लागलं तुला," ती म्हणाली.

"तुलाही."

"हो. मलाही." तिनं कपाळावरचे केस मागे केले. "करते मी लग्न. तुझ्याशी. आज संध्याकाळी नाही, मी अजून ड्यूटीवर आहे."

बनसोडे टाळ्या वाजवायला लागले आणि मग सगळेच. काकांनी डोळे पुसायला चष्मा काढला आणि ट्रेमधल्या दुसऱ्याच फ्रेममध्ये डोळे खुपसले. या सगळ्यात आई कुठे दिसेना. ती आत जाऊन फोनवर बोलत होती, मोठ्यानं, मंगल कार्यालयवाल्याशी. नाही, मुहूर्त बघायचा नाही. जी पहिली मोकळी तारीख असेल ती. हो, एप्रिलच्या आतली. पलीकडून बहुधा विचारलं गेलं की बुकिंग कुणाच्या नावावर टाकू.

काका, नुकतेच गाडी घेऊन परतलेले बाबा, मी, ओवी, सगळेच एकदम काहीतरी सांगायला पुढे झालो. आईनं आम्हाला हातानंच मागे सारलं.

"माझ्या," आई म्हणाली. "स्नेहल गुरसाळे. आणि हे बघा, उद्या तुम्हाला कुणाचाही कसलाही निरोप आला, तरी आधी मला विचारायचं."